जुन्या फोटोतल्या गणवेशावरून पूर्वजाचा लष्करी हुद्दा कसा ओळखावा

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर, नगर या भागांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथं भिंतीवर किंवा ट्रंकेच्या तळाशी लष्करी गणवेशातल्या पणजोबांचा एखादा फोटो असतो. फेटा, कमरेला पट्टा, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर. ‘ते पलटणीत सुभेदार होते’ असं घरात सांगितलं जातं, किंवा ‘कॅप्टन होते’ असं. फोटोत मात्र बाहीवर दोनच फिती दिसतात. अशा वेळी घरचे खोटं बोलतात असं समजू नका. फोटो एका दिवसाचा असतो आणि नोकरी पंधरा-वीस वर्षांची. आपल्याला शोधायचा आहे तो फोटो काढला त्या दिवशीचा हुद्दा. पुढची बढती कागदांत सापडते.

हा लेख ब्रिटिश काळातल्या हिंदी, म्हणजे भारतीय, सैन्याबद्दल आहे, साधारण १९०० ते १९५० या काळाचा. महाराष्ट्रातल्या घरांमधले बहुतेक लष्करी फोटो याच काळातले असतात.

आधी फोटो नीट वाचण्याजोगा करा

मोबाइलने काचेवरून काढलेल्या फोटोवर हुद्दा ठरवू नका. काचेची चमक नेमकी खांद्यावर येते आणि चिन्ह गायब होतं. फोटो फ्रेममधून सहज निघत असेल तर काढा. तो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच राहू द्या आणि तिरक्या उजेडात कॅमेऱ्याने टिपा. सुटा फोटो स्कॅनरवर १२०० डीपीआयला, रंगीत मोडमध्ये स्कॅन करा. फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीतच, कारण पिवळे पडलेले भाग त्यात वेगळे काढता येतात. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचं नाव, गाव, पेन्सिलने लिहिलेला नंबर, पोस्टकार्डाची छपाई, सगळं उपयोगी पडतं. पुणे कॅम्प किंवा बेळगावचा शिक्का असेल तर एक दिशा मिळते, बसरा किंवा कैरोचा असेल तर दुसरीच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: फोटो ‘सुधारून’ किंवा रंगवून देणाऱ्या एआय अ‍ॅपमधून काढलेली प्रत हुद्दा ओळखायला वापरू नका. जिथं तपशील पुसट आहे तिथं ही अ‍ॅप स्वतःच्या मनाने तपशील भरतात. दोन फितींच्या तीन होतात, खांद्यावरच्या डागाचा स्टार होतो आणि पदकाच्या रिबिनीला भलतेच रंग येतात. घरात लावायला ती प्रत खुशाल ठेवा, पण पुरावा म्हणून मूळ स्कॅनच धरा.

मग फोटो उलटा छापलेला नाही ना ते तपासा. निगेटिव्ह उलटी धरून छापलेल्या प्रती असतात. पदकं आणि रिबिनी डाव्या छातीवर असतात, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. पुरुषी कोटाची डावी बाजू उजव्या बाजूवर येते. हे दोन्ही उलटं दिसत असेल तर स्कॅन आडवा पलटून घ्या आणि मगच पुढं जा.

शेवटी रंगांची एक अडचण. १९२०च्या आधीच्या बहुतेक प्लेटा आणि फिल्मा लाल रंगाला आंधळ्या होत्या आणि निळ्याला फार संवेदनशील. त्यामुळे लाल जवळपास काळा दिसतो, पिवळा-नारिंगी गडद दिसतो आणि निळा फिकट, कधीकधी पांढुरका. गावातल्या स्टुडिओंमध्ये असा माल पुढंही बरीच वर्षं चालला. रिबिनीवरचा गडद पट्टा निळा असेल असं आपण सहज धरून चालतो, तो बहुधा लाल असतो.

हुद्द्याच्या आधी काळ ठरवा

ही पायरी गाळली की बाकी सगळं घसरतं, कारण एकाच चिन्हाचा अर्थ काळानुसार बदलतो.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे खांदेपट्टीच्या टोकाला, बाहीच्या शिवणीजवळ लावलेला पितळी अक्षरांचा बिल्ला. त्यात पलटणीचा आकडा असतो. १९०३ साली सरसेनापती लॉर्ड किचनेरने सगळ्या पलटणींना नवे क्रमांक दिले, त्यात मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ झाली, पाचवीची १०५, दहावीची ११०, आणि तशाच ११४, ११६ आणि ११७. १९२२ला या सहा मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट झाली आणि तिचं केंद्र बेळगावला राहिलं. म्हणजे बिल्ल्यावर तीन आकडी संख्या असेल तर फोटो १९०३ ते १९२२ या काळातला. ‘५’ आणि पुढं इंग्रजीत मराठा असेल तर तो १९२२ नंतरचा. तिथं मराठाचं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं, मध्ये ‘एच’ आणि दोन ‘टी’ असलेलं असतं. पुढं इंग्रजी यादीत नाव शोधताना हे लक्षात ठेवा.

महार सैनिकांच्या फोटोंना काळाची चौकट आणखी घट्ट आहे. १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ला १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ला मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावला सुरू झाली. त्यामुळे तुमच्या महार पूर्वजाच्या खांद्यावर १११ दिसत असेल तर फोटो जेमतेम चार वर्षांच्या खिडकीतला आहे. असा फोटो जपून ठेवा, त्याला कुटुंबाच्या पलीकडचंही मोल आहे.

दुसरी खूण म्हणजे स्टार आणि मुकुट. इंग्रजी राजवटीतला खांद्यावरचा स्टार हा टोकावर उभा केलेल्या चौकोनासारखा दिसतो. २६ जानेवारी १९५० नंतर त्याच्या जागी पाच टोकांचा तारा आला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. एकदा भिंगातून हा फरक पाहिला की पुन्हा चुकत नाही.

तिसरी खूण कपड्यांची. खाकी कोट आणि पोटऱ्यांच्या पट्ट्या पहिल्या महायुद्धातही आहेत आणि त्यानंतरही, त्यामुळे त्यांच्यावर फार भार टाकू नका. हिरवट गणवेश आणि एका बाजूने दुमडलेली रुंद कडांची हॅट असेल तर दुसऱ्या महायुद्धातली ब्रह्मदेशाची आघाडी डोळ्यांपुढं आणा. जाड लोकरी आखूड कोट असेल तर इटली.

बाहीवर काय आहे

आता हुद्दा. दंडावर, कोपराच्या वर, खाली टोक असलेल्या व्ही आकाराच्या फिती शोधा. पायदळात एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक आणि तीन म्हणजे हवालदार. घोडदळात दोन फितींचा लान्स दफादार आणि तीन फितींचा दफादार. तीन फितींच्या वर मुकुट असेल तर तो साधा हवालदार नाही, त्याच्याकडे वरची एखादी नेमणूक आहे.

फीत नसेल तर तो शिपाई. हे नाव विभागाप्रमाणे बदलतं: पायदळात शिपाई, घोडदळात सवार, तोफखान्यात गनर आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे इंजिनिअर दलात, सॅपर. कागदावर ‘सॅपर’ लिहिलेलं पाहून काहींना वाटतं की हा एखादा खास किताब आहे. तसं नाही, तो शिपायाच्याच जागेवरचा हुद्दा आहे. आणि हेही सांगतो, मोकळ्या बाहीचा फोटो पाहून निराश होऊ नका. इटलीत सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव तेव्हा शिपाईच होते. त्याआधी १० जुलै १९४४ला इटलीतच धारातीर्थी पडलेले आणि तोच सन्मान मिळालेले यशवंत घाडगे नाईक होते, म्हणजे दोन फितींचे.

एकच दंड दिसत असेल तर थांबा. आज भारतीय सैन्यात फिती उजव्या बाहीवर असतात. जुन्या फोटोत त्या कधी एकाच बाहीवर दिसतात, कधी दोन्हींवर. माणूस तिरका उभा असेल आणि फक्त डावा दंड समोर असेल, तर मोकळी बाही पाहून ‘शिपाई’ असा निकाल देऊ नका.

मनगटाजवळच्या खुणा हुद्द्याच्या नाहीत, आणि सर्वांत जास्त घोळ इथंच होतो. १९१८पासून परदेशी लढाईवर काढलेल्या काळासाठी उजव्या मनगटाच्या वर बारीक फिती मिळू लागल्या. त्यांचं टोक वर असतं. पहिली देश सोडल्याची, पुढं दर बारा महिन्यांच्या परदेशी सेवेला एक. डाव्या बाहीच्या खालच्या भागात उभी छोटी सोनेरी पट्टी असेल तर ती जखमी झाल्याची. तिथंच एकमेकींवर आडव्या दोन बंदुका असतील तर तो नेमबाज, दोन झेंडे असतील तर सिग्नलवाला. दंडाच्या अगदी वर चौकोनी कापडी चित्र असेल, लाल गरुड किंवा काळी मांजर, तर ते डिव्हिजनचं चिन्ह. लाल गरुड चौथ्या हिंदी डिव्हिजनचा, काळी मांजर सतराव्या डिव्हिजनची. हुद्दा यातल्या कशावरूनच ठरत नाही, पण माणूस कुठं लढला ते कळतं.

खांद्यावर काय आहे

खांद्यावर स्टार दिसला की घरात ‘अधिकारी होते’ असं ठरून जातं. इथं जरा सावकाश जायला हवं.

ब्रिटिश काळात हिंदी सैन्यात अधिकाऱ्यांचे दोन वेगळे थर होते. एक राजाच्या कमिशनचा, म्हणजे राजाच्या सनदेने नेमलेला: सेकंड लेफ्टनंट, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर आणि वर. दुसरा व्हाइसरॉयच्या कमिशनचा, फक्त हिंदी लोकांसाठी: जमादार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. घोडदळात सुभेदाराच्या जागी रिसालदार. दोन्ही थरांची चिन्हं जवळपास सारखी होती. एक स्टार सेकंड लेफ्टनंटलाही आणि जमादारालाही. दोन स्टार लेफ्टनंटला आणि सुभेदाराला. मुकुट मेजरला आणि सुभेदार मेजरला.

मग ओळखायचं कसं? पहिली कसोटी काळाची. इंग्लंडमधल्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीच्या जागा हिंदी तरुणांना १९१८पासून मिळू लागल्या आणि डेहराडूनची अकादमी १९३२ला उघडली. १९१८च्या आधीच्या फोटोत मराठी माणसाच्या खांद्यावर एक स्टार असेल तर तो जवळजवळ नक्की जमादार. मुख्य अपवाद दोन आहेत. एक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. दुसरा संस्थानी फौजांचा: कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर या संस्थानांच्या सैन्यात हिंदी माणसं कॅप्टन आणि मेजरही होत. ‘आमचे पणजोबा १९१०ला कॅप्टन होते’ असं सांगणाऱ्या घराचं मूळ कोल्हापूर किंवा बडोद्याकडचं असेल तर ते अगदी खरं असू शकतं. त्यांचा शोध मात्र ब्रिटिश हिंदी सैन्याच्या यादीत घेऊ नका, संस्थानच्या दप्तरात घ्या.

दुसरी कसोटी रिबिनीची. पहिल्या महायुद्धानंतर व्हाइसरॉय कमिशनच्या स्टारखाली लाल-पिवळी-लाल अशी आडवी रिबीन आली. खांदेपट्टीवर स्टारच्या खाली आडवा पट्टा दिसला तर जमादार किंवा सुभेदार. लक्षात ठेवा, जुन्या प्लेटवर लाल आणि पिवळा दोन्ही गडद येतात, त्यामुळे तीन रंगांऐवजी एकच काळपट पट्टी दिसू शकते.

तिसरी कसोटी डोक्यावरच्या वस्तूची. फेटा असेल तर पारडं जमादार-सुभेदाराकडे झुकतं, पुढं छज्जा असलेली कडक टोपी असेल तर राजाच्या कमिशनकडे. हा आधार आहे, पुरावा नव्हे. छातीवरून तिरका जाणारा चामडी पट्टा मात्र दोन्ही थरांत असे, त्यावरून काही ठरवू नका.

हा फरक किती बारीक आहे ते कारवारजवळच्या चेंडियेच्या राम राघोबा राणे यांच्या नोकरीवरून समजतं. १९४०ला ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, नाईक झाले, ब्रह्मदेशाच्या लढाईत हवालदार झाले, युद्धानंतर जमादार आणि १५ डिसेंबर १९४७ला सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ला नौशेराच्या भागात सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालं. याच वाटेने गेलेल्या कुणाही सैनिकाचे सगळे फोटो एकत्र ठेवले तर बाहीवर दोन फिती दिसतील, मग तीन, मग खांद्यावर एक स्टार आणि पुन्हा एक स्टार. शेवटच्या दोन फोटोंत स्टारची संख्या बदलत नाही, पण मधे एक मोठी पायरी ओलांडलेली असते.

१९००च्या आधीचा फोटो असेल तर खांद्यावर स्टार शोधू नका. तेव्हा सुभेदाराची खूण कॉलरवर असे: एकमेकींवर आडव्या दोन सोनेरी तलवारी. आणि स्वातंत्र्यानंतरचा फोटो असेल तर जमादार हा लष्करी हुद्दा १९६५ला नायब सुभेदार झाला हे ध्यानात ठेवा.

गळ्यात आणि छातीवर

गळ्यात रिबिनीला टांगलेला तारा दिसला तर बहुतेक काम तिथंच झालं. तो बहुधा ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया. ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ला सुरू केलेला हा सन्मान दीर्घ आणि निष्ठेच्या सेवेसाठी हिंदी अधिकाऱ्यांना मिळे. पहिल्या वर्गाबरोबर ‘सरदार बहादूर’ आणि दुसऱ्या वर्गाबरोबर ‘बहादूर’ असा किताब येई. घरातल्या जुन्या पत्रांत, खरेदीखतात किंवा लग्नपत्रिकेत नावापुढं ‘बहादूर’ असेल तर ते कौतुकाचं विशेषण नाही, सरकारी किताब आहे. त्यावरून हुद्दा जमादाराच्या खाली नव्हता हे कळतं.

छातीवरची पदकं हुद्दा दाखवत नाहीत, पण पदक घरात असेल तर ते फोटोपेक्षा जास्त सांगतं. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि ब्राँझच्या व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५च्या स्टारवर ती मागच्या बाजूला असते. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटनने आपल्या सैनिकांना नाव न घालता दिली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र सहसा नावं आहेत. म्हणून पदक पॉलिश करू नका. ब्रासोने घासघासून कड गुळगुळीत झालेली पदकं पाहिली की जीव हळहळतो. भिंग घ्या, टॉर्च आडवा धरा आणि अक्षरं जशी दिसतील तशी उतरवून घ्या, मराठीत ‘दुरुस्त’ न करता.

फसवणाऱ्या गोष्टी

हातातली छडी, टेबलावरची हॅट, खुर्ची आणि कित्येकदा तलवारसुद्धा स्टुडिओची असे. हुद्द्यासाठी फक्त शिवलेल्या आणि टाचलेल्या चिन्हांवर विश्वास ठेवा. शिट्टीची दोरीही हुद्दा सांगत नाही.

पोलिसांचा घोळ तर फार मोठा आहे. हवालदार आणि जमादार हे हुद्दे पोलिसातही होते, फितीही होत्या. फोटो लष्करी आहे की पोलिसी हे आधी खांद्यावरच्या पितळी अक्षरांवरून ठरवा. लष्कराबरोबर जाणारे भिस्ती, आचारी आणि खेचरवालेही खाकीत असत. त्यांच्यापैकी अनेकांना ब्रिटिश वॉर मेडल रुप्याऐवजी ब्राँझचं मिळालं. घरातलं ब्रिटिश वॉर मेडलच तांबूस असेल तर पणजोबा बहुधा त्या लोकांत होते. बसऱ्याच्या वाळवंटात पलटणीला पाणी पोचवणाऱ्या माणसाचा फोटो तितक्याच अभिमानाने लावावा.

समूहफोटोत बसण्याची जागा बोलते. मधल्या खुर्च्यांवर साहेब आणि सुभेदार मेजर, त्यांच्या दोन्ही बाजूंना जमादार-सुभेदार, मागं हवालदार-नाईक, पुढं जमिनीवर कनिष्ठ मंडळी. खाली नावांची छापील पट्टी असेल तर आधी तीच वाचा.

एक फोटो समोर धरून

समजा, पोस्टकार्डाएवढा फोटो आहे. खाकी कोटातला माणूस खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. उजव्या दंडावर खाली टोक असलेल्या तीन फिती. त्याच बाहीवर मनगटाजवळ वर टोक असलेल्या चार बारीक फिती. खांद्यावरच्या बिल्ल्यात तीन आकडे, पहिले दोन ‘११’, शेवटचा पुसट. छातीवर तीन रिबिनींची पट्टी. घरात म्हणतात, सुभेदार होते.

तीन फिती म्हणजे त्या दिवशी हवालदार. मनगटावरच्या फिती म्हणजे फोटो १९१८ किंवा नंतरचा. चार आहेत म्हणजे परदेशात किमान तीन वर्षं. तीन आकडी बिल्ला म्हणजे १९२२पर्यंतचा, त्यानंतरचा नाही. तीन रिबिनींमधली मधली जर रुंद गडद पट्टा आणि कडांना फिकट रेघा अशी दिसत असेल तर ती ब्रिटिश वॉर मेडलची नारिंगी-निळी रिबीन असणार. हे मेडल १९१९ला जाहीर झालं, म्हणजे फोटो १९१९ ते १९२२च्या दरम्यानचा. पूर्वज मराठा पलटणीत असेल तर ती ११०, ११४, ११६ किंवा ११७. यातल्या ११०व्या आणि ११७व्या पलटणीचा मोठा भाग, १०३व्याबरोबर, आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकला आणि २९ एप्रिल १९१६ला तुर्कांच्या कैदेत गेला. त्यामुळे घरात ‘तुरुंगात उपाशी राहिले’ अशी काही आठवण आहे का ते जाणत्या माणसाला विचारा. शेवटचा आकडा फोटोतून निघणार नाही, तो मेडलच्या कडेवर मिळेल. आणि सुभेदारकी? १९२२ला हवालदार असलेला माणूस पुढं जमादार आणि मग सुभेदार होऊ शकतो. फोटो आणि आठवण यांत इथं काहीच भांडण नाही.

कागदांत खात्री

जमादार आणि त्यावरच्या सगळ्यांची नावं छापील ‘इंडियन आर्मी लिस्ट’मध्ये पलटणीनुसार आणि तारखेसह येत. पलटण आणि अंदाजे दशक कळलं की ती यादी चाळा. जुने अंक ब्रिटिश लायब्ररीत आहेत, काही इंटरनेटवरही मिळतात. नाईक-हवालदार-शिपाई त्यात नसतात.

युद्धात मरण पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची ऑनलाइन यादी आहे. हुद्दा, नंबर, पलटण आणि बऱ्याचदा वडिलांचं आणि गावाचं नाव तिच्यात मिळतं. नावाचं स्पेलिंग कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून फक्त नावाने शोधू नका. पलटण निवडा, मग जिल्हा आणि गाव वेगवेगळ्या स्पेलिंगने घालून पाहा. गावातही बघा. ‘या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले’ असं कोरलेली संगमरवरी पाटी कित्येक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत अजून आहे.

पेन्शन घेऊन परतलेल्यांचा माग पेन्शनच्या कागदांतून, डिस्चार्ज सर्टिफिकेटमधून आणि त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं ऑफिस बेळगावला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या वारसांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावं. अर्जात नुसतं ‘माझे पणजोबा सैन्यात होते’ असं लिहू नका. सैनिकी नंबर, नाव सगळ्या संभाव्य स्पेलिंगसह, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि तेव्हाचा जिल्हा लिहा. फोटोवरून ठरवलेली पलटण आणि हुद्दाही लिहा, आणि फोटोचा खांद्याचा आणि बाहीचा भाग मोठा करून सोबत जोडा. रायगडऐवजी कुलाबा लिहिलेलं रजिस्टर शोधणाऱ्याला तुमच्या अर्जातही कुलाबा दिसला तर त्याचं काम सोपं होतं.